टाईमस्टॅम्प नसलेली चित्रं : हातखंब्याभोवतीचे सडे, दऱ्या आणि गुहा

हातखंबा म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो तिठा. मुंबईहून येताना रत्नागिरीला जायचं असेल तर इथे उजवीकडे वळायचं, गोव्याला जायचं असेल तर सरळ पालीकडे. एक चहा, एखादा वडापाव, आणि गाडी सुरू. पावसाळ्यात फार तर अलीकडच्या निवळी घाटात धबधब्यापाशी थांबून फोटो काढले जातात. इथे इतिहास वगैरे असेल हे डोक्यात येत नाही, कारण आपल्याला इतिहास म्हणजे किल्ला, आणि किल्ला म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट, अशी सवय आहे.

इथे मान खाली करावी लागते.

मॅप सॅटेलाईट व्ह्यूमध्ये उघडा. हातखंब्याच्या उत्तरेला बावनदीची दरी दिसेल, दक्षिणेला काजळी नदीचं खोरं. या हिरव्यागार दऱ्यांच्या मधोमध सपाट, तपकिरी, जवळजवळ झाड नसलेले पट्टे आहेत. हे सडे. कोकण रेल्वेने जाताना आपण यातल्या एकाच्या चक्क पोटातून जातो : उक्षी आणि भोके या स्टेशनांमधला करबुड्याचा बोगदा, लांबी साडेसहा किलोमीटर. आपण मोबाईलला रेंज नाही म्हणून वैतागलेले असतो आणि आपल्या डोक्यावर सडा पसरलेला असतो!

सड्याचा दगड म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याला 'लॅटेराईट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव अगदी चपखल आहे, कारण कोकणातली घरं याच दगडाच्या चिऱ्यांची. मूळचा काळा बेसॉल्ट लाखो वर्षं ऊनपावसात कुजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साईडं मागे राहिली, तो जांभा. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. वरचा थर सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी आत मुरतं. खालच्या चिकणमातीशी अडतं आणि दरीच्या काठाला झरा होऊन बाहेर येतं. हे पाणी जाताजाता माती धुऊन नेतं, म्हणून कातळाखाली पोकळ्या आणि गुहा तयार होतात. म्हणजे वर सपाट कोरडा कातळ, कडेला पाणी आणि निवारा. माणसाला राहायला याहून काय हवं?

आता मुद्द्यावर येतो. याच कातळावर कोणीतरी चित्रं कोरून ठेवली आहेत. आज त्यांना आपण कातळशिल्पं म्हणतो. निवळी फाट्याजवळच्या चित्रांची नोंद १९९० च्या दशकातच झाली होती. पण पद्धतशीर शोध सुरू झाला तो २०१० नंतर. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गावोगाव जाऊन गुराख्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारत सडे पालथे घातले. यात लक्षात घेण्यासारखं हे, की चित्रं 'सापडली' ती शहरातल्या आपल्याला. गावाला ती माहीतच होती. कोणी म्हणायचं पांडवांनी एका रात्रीत काढली, कोणी तिथे नमस्कार करून पुढे जायचं. आजवर दीड हजारांहून जास्त चित्रं नोंदली गेली आहेत.

उक्षीला हत्ती आहे. गावकऱ्यांच्या पुढाकाराने त्याच्याभोवती जांभ्याचा कठडा बांधलाय, तिथून तो नीट दिसतो. राजापूर तालुक्यात कशेळीला जो हत्ती आहे तो साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. बारसूला दोन बाजूंना दोन वाघ आणि मध्ये माणूस. कशेळीच्या हत्तीची गंमत अशी की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. आपण ड्रोनचा फोटो पाहून 'वा!' म्हणतो, पण कोरणाऱ्याकडे ड्रोन नव्हता. त्याने हा हत्ती डोक्यात धरून, चालत चालत कोरला.

साहजिक पहिला प्रश्न : हे किती जुनं?

आणि इथेच घोडं पेंड खातं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही टाईमस्टॅम्प नसलेली फाईल आहे. अक्षर नाही, राजाचं नाव नाही. कार्बन डेटिंगला कोळसा, हाड, लाकूड असं काहीतरी एकेकाळी जिवंत असलेलं लागतं. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाशी तुलना करून बघा. तिथे चित्रं खडकाच्या आडोशाला आहेत आणि पायाखाली मातीचे थर साचले आहेत. कोण कधी राहिलं याचा लॉगच म्हणा ना. सड्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दर जूनला सगळं धुऊन निघतं. सड्यावर फारसं काही साचत नाही.

मग लोक चित्रांतूनच तारीख शोधतात. २०१८ मध्ये राज्य पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी अंदाज मांडला की सर्वांत जुनी चित्रं इसवी सनपूर्व १०,००० च्या आसपासची असावीत. युक्तिवाद असा : चित्रांत शेती दिसत नाही, आणि आज कोकणात नसलेले गेंडा, पाणघोडा असे प्राणी दिसतात. म्हणजे चित्रं काढणारे शिकारी असावेत.

युक्तिवाद आकर्षक आहे, पण गेंड्यापाशी मी थोडा थांबतो. गुजरातमध्ये लांघणजला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं तेव्हा गेंड्याचं खांद्याचं हाड मिळालं होतं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. एवढंच काय, सोळाव्या शतकात बाबराने पेशावरकडे गेंड्याची शिकार केल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे नुसता गेंडा दिसला म्हणून चित्र बारा हजार वर्षांचं ठरत नाही. ते तितकं जुनं असू शकतं, पण त्याला दुसरा साक्षीदार हवा.

हा साक्षीदार चित्रात नाही, आजूबाजूला आहे. आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

जांभ्याचं धारदार हत्यार होत नाही, त्याचा भुगा होतो. त्यामुळे सड्यावर गारगोटीची किंवा चर्टची बारीक कपची सापडली तर ती कोणीतरी मुद्दाम तिथे आणलेली असण्याची शक्यता मोठी. दुसरं म्हणजे दरीच्या काठावरच्या गुहा. जे सड्यावर टिकत नाही ते गुहेत साचतं. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं तेव्हा दगडी हत्यारं मिळाली. गुहेतल्या मातीत कोळसा असेल तर त्याचं वय काढता येतं. नसेल तरी मातीतल्या कणांना शेवटचा सूर्यप्रकाश कधी लागला हे मोजायचं तंत्र आहे. थोडक्यात, चित्रं काढणारे लोक कदाचित वरच्या सड्यावर काम करत असतील आणि खालच्या दरीत राहत असतील. चित्र एकीकडे आणि त्याची तारीख दुसरीकडे, असा मामला आहे.

आता संरक्षणाकडे या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात : उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसयमळ. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूला रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं, तेव्हा 'कातळशिल्प' हा शब्द पहिल्यांदा टीव्हीच्या बातम्यांत घरोघरी पोचला. चांगलंच झालं. पण या चर्चेत संरक्षण म्हणजे काय, तर चित्राभोवती कुंपण घालायचं, एवढंच गृहीत धरलं जातं.

ते पुरेसं नाही. चिरेखाण चित्रापासून दोनशे मीटरवर सुरू झाली, रस्त्याच्या भरावासाठी सड्याची कड फोडली, आंब्याच्या कलमांसाठी सुरुंगाने खड्डे घेतले, तर चित्राला ओरखडाही उठणार नाही. पण कपच्या गेल्या, गुहेतली माती गेली. फाईल शाबूत आणि लॉग डिलीट. मग हे चित्र कायमचं 'फार फार जुनं' एवढंच राहणार.

यात गावाला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. सडा बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी मालकीचा आहे, आणि ज्या जमिनीत भात पिकत नाही तिथे चिरा हेच पीक असतं. माझ्या-तुमच्या घराच्या किंवा रिसॉर्टच्या भिंतीही त्याच खाणीतून आलेल्या असतात. उत्पन्न बुडवून वारसा सांभाळा असं सांगायचं असेल तर त्या उत्पन्नाची सोय काय, हेही सांगायला हवं. उक्षीसारखं गाव स्वतः पुढे येतं तेव्हा गोष्ट सोपी होते, पण प्रत्येक सड्याला उक्षीचं नशीब मिळेलच असं नाही.

आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांना करण्यासारखं थोडंच आहे, पण ते नक्की करता येईल. जायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरकं असताना रेषेत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी चित्रावर उभं राहिलात तरी कळणार नाही. फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू, चुना भरू नका. बूट काढून फिरा. कपची दिसली तर खिशात टाकू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा आणि रत्नागिरीतल्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयाला कळवा. गुहेत शिरलात तर उकरू नका, शेकोटी तर मुळीच नको. आपला आजचा कोळसा उद्याच्या संशोधकाच्या नमुन्यात मिसळेल.

आणि गाडी हातखंब्याला चहासाठी थांबेलच, तेव्हा तिथल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारा, "काका, तुमच्या सड्यावर काही चित्रं आहेत का?" कितीतरी शोध याच प्रश्नाने लागले आहेत.