करपा : प्रतिकारशक्तीचा अर्धा इतिहास

नेरळमध्ये बसून पानांवरच्या बुरशीचा इतिहास सांगायचा, तर आपल्याला भातावरच्या करप्यापासूनच सुरुवात करावी लागते. पावसाची झिमझिम, ढगाळ हवा, दिवसदिवस ओली राहिलेली पानं... की डोळ्याच्या आकाराचे ठिपके उमटलेच. कडा तपकिरी, मधे राखाडी. हाच रोग लोंबीच्या मानेवर गेला, तर दाणा भरत नाही.

चीनमधल्या १६३७ च्या एका ग्रंथात या रोगाचं वर्णन आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९१३ मध्ये तंजावर भागात झाली. बुरशीचा बीजाणू ओल्या पानाला चिकटतो आणि मोटारीच्या टायरच्या सुमारे ४० पट दाब निर्माण करून पान भेदतो.

यावर विज्ञानाचं मुख्य उत्तर होतं, प्रतिकारक वाण. गव्हाची तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरते, हे बिफेन यांनी केंब्रिजला १९०५ मध्ये दाखवलं. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत फ्लोर यांनी जवसावर काम करून त्यातली मेख सांगितली : पिकातलं एक जनुक बुरशीतल्या एका जनुकाला ओळखतं. बुरशीत तेवढं एक बदललं, की वाण उघडा पडतो. करप्याच्या बाबतीत हे वारंवार घडलं.

आता जव, म्हणजे सातूकडे पाहू. इथिओपियातल्या जुन्या सातूमध्ये भुरी रोगाला दाद न देणारा गुण सापडला. १९७९ पासून तो युरोपातल्या वाणांत आहे आणि अजून टिकून आहे. मोठं यश! पण प्रयोगशाळेत असंही दिसलं, की हाच गुण असलेला सातू करप्याच्या बुरशीला जास्त बळी पडतो. एक दार लावलं, तर दुसरं किलकिलं झालं.

आपल्याकडे काय झालं? नेरळहून दुसरं स्टेशन कर्जत. तिथल्या भात संशोधन केंद्राने स्थानिक कोळंबा आणि परदेशी बुटका वाण यांच्या संकरातून 'कर्जत-१८४' दिला. बुटक्या वाणांनी उत्पन्न वाढवलं, पण त्यांच्यासोबत युरियाही वाढला. नत्र जादा झालं की पान लुसलुशीत होतं, आणि करप्याला तेच हवं असतं.

म्हणून डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत आपल्याला महत्त्वाची वाटते. तिचं पहिलं सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचं : रोपवाटिकेत तुसाची काळी राख, शेतात पेंढा. त्यातली सिलिका रोप शोषून घेतं, पान टणक होतं, बुरशीला आत शिरणं जड जातं. इथे ती एखाद्या जनुकाला चुकवून सुटत नाही.

आपण प्रतिकारशक्तीचा इतिहास लिहितो तो वाणांच्या नावांनी. तुसाची राख, बेताचं खत आणि खोऱ्यात शेजारी-शेजारी वाढणारे वेगवेगळे वाण हा त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे. तो विसरलो, तर दर काही वर्षांनी नवं बियाणं मागत बसण्याची पाळी शेतकऱ्यावर येते.