कर्ज कोणत्या सरकारचं, आणि फेडतंय कोण?



2025-26 च्या अर्थसंकल्पात वर्षअखेर महाराष्ट्रावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज मांडला गेला. आकडा आला की सत्ताधारी म्हणतात, आधीच्यांनी तिजोरी रिकामी करून ठेवली. विरोधक म्हणतात, यांनीच राज्य गहाण टाकलं. खुर्च्या बदलल्या की संवादही बदलतात. आपले तरुणसुद्धा यात कुणाची तरी बाजू घेऊन भांडतात. भांडण्याआधी बाबासाहेबांची पद्धत पाहा.

1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. 1833 च्या कायद्याने कंपनीच्या भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश भारताच्या महसुलावर टाकला होता. 1858 मध्ये कंपनीचं राज्य गेलं, राणीचं आलं. पण कंपनीचं कर्ज ब्रिटिश तिजोरीने उचललं नाही, तेही भारताच्याच महसुलावर चढवलं. 1857 चा उठाव मोडण्याचा खर्चही इथल्याच रयतेच्या माथी. राज्यकर्ता बदलला, फेडणारा तोच राहिला. बाबासाहेबांनी विचारलं ते हेच : पैसा कुणासाठी खर्च झाला आणि भरला कुणी?

आता महाराष्ट्र पाहा. 1996 मध्ये युती सरकारने कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं. महामंडळाने चढ्या व्याजाचे रोखे विकून पैसा उभा केला. कर्ज महामंडळाच्या नावावर, हमी मात्र सरकारची. 1999 मध्ये विलासराव देशमुखांचं सरकार आलं आणि त्याने श्वेतपत्रिका काढून आधीच्यांवर बोट ठेवलं. 2015 मध्ये फडणवीस सरकारचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनीही श्वेतपत्रिका काढली, या वेळी बोट आघाडीकडे. तेव्हा कर्ज 3 लाख कोटींच्या आसपास होतं. 2019-20 अखेर ते साडेचार लाख कोटींच्या घरात गेलं. कोरोनाच्या काळात, महाविकास आघाडीच्या राज्यात, ते पावणेसहा लाख कोटींच्या आसपास पोचलं. पुढचं महायुतीचं. अजित पवार तर आघाडीतही अर्थमंत्री होते, महाविकास आघाडीतही आणि महायुतीतही. मग बोट नक्की कुणाकडे दाखवायचं?

नुसता आकडा वाढला म्हणून सरकार दोषी ठरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. राज्याचं उत्पन्नही वाढलं आहे. जुन्या कर्जाचं व्याज नव्या सरकारला भरावंच लागतं, तो त्याचा गुन्हा नाही. त्यामुळे प्रत्येक सरकारला तीन प्रश्न विचारा. सत्तेवर आलात तेव्हा कर्ज किती होतं? नवं कर्ज धरण, शाळा, दवाखान्यासाठी काढलं की रोजचा खर्च भागवायला? महामंडळांच्या नावाने लपवलेलं किती? 2025-26 मध्ये महसुली तूटच 45,891 कोटींची दाखवली होती. म्हणजे एवढी उधारी चालू खर्चासाठी. ही जबाबदारी मागच्यांवर ढकलता येत नाही.

आणि चौथा प्रश्न आपला : किंमत कोण मोजतंय? त्याच अर्थसंकल्पात व्याजासाठी 64,659 कोटी होते आणि अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाला 22,568 कोटी. व्याज जवळपास तिप्पट! तरीही मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खात्याचे मंत्री, आपल्याच शहराचे आमदार संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. निधी मात्र वळवला गेलाच. बहिणींना पैसे मिळावेत, आपल्या वस्तीतल्या आयाबहिणीही त्यात आहेत. पण ते वसतिगृहातल्या आणि शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या पोरांच्या ताटातून का?

सावकाराच्या वहीत बापाची उधारी लेकाच्या नावावर चढायची. सरकारी वहीत ती आपल्या पोरांच्या नावावर चढते आहे. म्हणून कॅगचे अहवाल वाचायला शिका. दर अर्थसंकल्पानंतर वस्तीत बसून घटक कार्यक्रमाची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांचा ताळा मांडा. कर्ज कुणी काढलं याचा वाद पक्ष घालत बसतील. हिशोब आपण मागायचा, येईल त्या प्रत्येक सरकारकडे.

जय भीम! जय संविधान!