तिसऱ्या ओळीचे कुळ

सौंदडसारख्या गावी, जिथे कोलकात्याकडे धावणारा महामार्ग आणि गोंदियाहून बल्लारशाकडे उतरणारा लोहमार्ग एकमेकांस भेटतात, कुटुंबासाठी मोटार घेण्याचा बेत ठरला की पहिली चौकशी किमतीची, दुसरी अ‍ॅव्हरेजची आणि तिसरी माणसे किती मावतील याची होते. सर्वांत मागे कोण बसणार हे मात्र कोणी विचारीत नाही, कारण पोरेबाळे तिथेच कोंबावयाची ही वहिवाट सर्वमान्य आहे. या वहिवाटीचे मूळ शोधू गेल्यास ते घरगुती मोटारीत सापडतच नाही.

दुसऱ्या महायुद्धासाठी घडलेली विलीज जीप महिंद्रांनी 1940 च्या दशकाअखेरीस मुंबईत माझगावला जुळवावयास घेतली, आणि पुढे सरकारी कचेऱ्यांच्या दौऱ्यांतून ती जंगलरस्त्यांवर रुळली. लांब बांध्याच्या जीपमध्ये मागील चाकांवरचे पत्र्याचे उंचवटे वाया न घालविता त्यांवरच समोरासमोर दोन बाके बसविण्यात आली. साहेब पुढे, शिपाई आणि दप्तराची पेटी मागे, अशी ती व्यवस्था. आदळ बसल्यास मागच्या देहाचे काय होईल, हा प्रश्न तीत उपस्थितच झाला नव्हता. हेच बाक पुढे कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांतून काळीपिवळीच्या धंद्यात उतरले, आणि तिथे तर प्रत्येक वाढीव डोके म्हणजे वाढीव भाडे! 1994 साली टाटांनी सुमंत मूळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे धारण करणारी सुमो आणली, तेव्हा मोठ्या कुटुंबास आपलीशी वाटणारी गाडी मिळाली खरी, परंतु पाठीमागची आडवी बाके तिच्याकडे जीपच्या घराण्यातूनच आली. 2005 च्या इनोव्हाने तिसऱ्या ओळीचे तोंड रस्त्याकडे फिरविले, हे माझ्या मते या कुळकथेतील खरे वळण.

वळण म्हणावयाचे कारण शरीररचनेत आहे. 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी सिद्ध केलेला तीन बिंदूंचा पट्टा छाती आणि कंबर यांवर भार वाटून घेतो, पण तो समोर तोंड करून बसलेल्यासाठी. आडव्या बाकावरील मनुष्य समोरच्या धडकेत कुशीवर फेकला जातो, आणि मान व बरगड्या त्या दिशेचा भार सोसण्यास फारशा समर्थ नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 138 व्या नियमाची शब्दयोजनाही मोठी बोलकी आहे: मागील प्रवाशांना पट्ट्याची सक्ती आहे, पण ती समोर तोंड असलेल्या आसनांपुरती. आडव्या बाकास मिळालेली ही मुभा त्यावर बसणाऱ्याच्या हिताची नव्हे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ मोटार अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागल्या आसनावरील पट्ट्याची चर्चा देशभर झाली. ती दुसऱ्या ओळीपाशीच थांबली.

ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी तपासणी सुरू झाली. तीत ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवितात. प्रौढांचे पुतळे पुढे आणि बालकांचे मधल्या ओळीत असतात, तिसरी ओळ रिकामीच. तेव्हा जाहिरातीतील पाच तारे मागच्या नातवंडांना लागू आहेत असे गृहीत धरू नये. दुकानात गाडी पाहावयास जाताना घरातील उंच मनुष्यास सोबत न्यावे व त्याला मागेच बसवावे. तीन बिंदूंचा पट्टा प्रत्येक जागी आहे काय, डोक्यामागचा आधार त्याच्या डोक्यापर्यंत चढतो काय, पडदा-एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत पोचते काय आणि आसनाची पाठ व मागील दार यांत वीतभर तरी अंतर उरते काय, हे तिथेच पाहून घ्यावे. न उरल्यास मुलांना मधल्या ओळीत घेऊन मागे सामान नीट बांधून ठेवावे, आणि उरलेल्या पाहुण्यांनी खुशाल गोंदियाची गाडी पकडावी.