सर्पदंशाच्या रुग्णाची परिचर्या

साप चावलेल्या रुग्णावर वॉर्डात नजर ठेवणे, विषबाधेची चिन्हे ओळखून त्यांचा अर्थ लावणे, प्रतिसर्पविष चालू असताना देखरेख करणे आणि वेळेवर डॉक्टरांना बोलावणे, ही कामे या परिचर्येत येतात. औषध डॉक्टरांच्या आदेशाने दिले जाते. पण ते कधी लागेल, कधी थांबवायचे आणि पुन्हा द्यायचे का, हे ठरते ते बऱ्याच अंशी खाटेजवळच्या परिचारिकेच्या निरीक्षणावर. परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक क्रिस्टिन टॅनर यांनी 2006 मध्ये परिचारिकेच्या निर्णयशक्तीचे चार टप्पे सांगितले: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि केलेल्या कृतीचा विचार करणे. सर्पदंशात हे चारही टप्पे काही तासांत पुन्हा पुन्हा पार करावे लागतात.

परिसर. कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत भातशेती आहे, तर डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी वाड्या आहेत. लावणी, बेणणी आणि कापणी ही कामे बहुधा अनवाणीच होतात, आणि अनेक घरांत अंथरूण जमिनीवरच असते. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये ही येथील सरकारी उपचारकेंद्रे होत. गंभीर रुग्णाला पुढे पनवेल-नवी मुंबईकडे हलवावे लागते. त्यामुळे ‘रेफर’ करण्याची वेळ ओळखणे हा येथील परिचर्येचा कळीचा भाग ठरतो.

पहिली पाहणी. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते, तर घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. मण्यारचा दंश अनेकदा झोपेत होतो. तो दुखत नाही आणि व्रणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात कळ येऊन उठलेल्या, पापण्या जड झालेल्या रुग्णाला ‘काही चावलेले नाही’ म्हणून परत पाठवणे जीवघेणे ठरू शकते. आवळपट्टी बांधून आलेल्या रुग्णाची पट्टी एकदम सोडत नाहीत. डॉक्टर आणि औषधे हाताशी आल्यावरच ती सैल करतात.

वीस मिनिटांची चाचणी. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलि. रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग कलती करून पाहतात. रक्त पातळच राहिले तर ते गोठण्याची क्रिया बिघडली आहे असे समजतात. नळी साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून नळी कोणती वापरली, हेही परिचारिकेने स्वतः पाहिलेले असावे. रक्त गोठत नसलेल्या रुग्णाला इतर औषधे शक्यतो स्नायूत टोचत नाहीत.

देखरेख. भारतातील प्रतिसर्पविष वर सांगितलेल्या चार सापांच्या विषांवरच चालते. सह्याद्रीतील चापडा हा साप त्यात येत नाही. पहिली मात्रा साधारण 10 कुप्यांची असते आणि ती सलाईनमधून सुमारे तासाभरात देतात. मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण साप विष सोडताना चावलेल्याचे वजन पाहत नाही. पहिल्या काही मिनिटांत परिचारिकेने खाटेपासून हलू नये. अंगावर गांध्या उठणे, खाज, थंडी, उलटी किंवा धाप दिसताच प्रतिसर्पविष थांबवतात. प्रौढ रुग्णाला 0.5 मिग्रॅ. अ‍ॅड्रिनलीन मांडीत देता यावे म्हणून ते आधीच उशाशी भरून ठेवतात.

पुढे दर काही वेळाने पापण्या, मान उचलण्याची ताकद, एका श्वासात मोजता येणारे आकडे, सूज कुठवर चढली याची पेनने काढलेली रेघ, हिरड्यांतील रक्त आणि लघवीचे प्रमाण व रंग यांची नोंद होते. मघाशी एका श्वासात 20 पर्यंत मोजणारा रुग्ण आता 12 वर थांबत असेल, तर ऑक्सिजनचा आकडा चांगला असला तरी श्वसनाचे स्नायू थकू लागले आहेत. केसपेपरवर वेळेसह मागची नोंद असेल, तरच हा फरक दिसतो. गोठण्याची चाचणी 6 तासांनी पुन्हा करतात.

विंचूदंश. याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, 2022) यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसीन गुणकारी असल्याचे दाखवले. विंचूदंशातही गार पडलेले हातपाय, दरदरून घाम आणि उलट्या ही चिन्हे आधी ओळखावी लागतात. प्राझोसीन दिल्यावर रक्तदाब घसरू शकतो. म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात आणि लहान मुलाला कडेवर घेऊ देत नाहीत.

घरी सोडताना. प्रतिसर्पविषानंतर एक-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा खाज उद्भवू शकते. कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. म्हणून या लक्षणांविषयीचा सल्ला रुग्णाच्या भाषेत, घरच्यांसमोर आणि कागदावर लिहून द्यावा. तो कागद दुसऱ्या गावच्या दवाखान्यातही उपयोगी पडतो. बॅटरी, गमबूट व मच्छरदाणी वापरणे आणि भगताकडे वेळ न घालवता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे, हेही याच वेळी सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाच्या विषबाधेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर प्रतिसर्पविषाच्या साठ्याइतकीच रात्रपाळीला पुरेशा, प्रशिक्षित परिचारिकांची गरज आहे.