टोरिक लेन्स: चुंबळीच्या कुळातली

सिलिंडर नंबर असलेला माणूस कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला गेला की पहिला प्रश्न बहुधा ‘नरमातली नरम कुठली?’ असाच विचारतो. तो प्रश्न अपुरा आहे, कारण अशा डोळ्याचे सुख नरमपणापेक्षा स्थिरपणावर अधिक अवलंबून असते. गोव्यातल्या मांद्र्यात मासळीची पाटी डोक्यावर घेताना खाली चुंबळ ठेवतात. त्या चुंबळीच्या बाहेरच्या अंगावर बोट फिरवून पाहावे: आडवे फिरवले तर वळण मोठे आणि सैल लागते, उभे फिरवले तर लहान आणि घट्ट. खांबाच्या तळाशी असलेल्या अशाच फुगीर कड्याला लॅटिनमध्ये ‘टोरस’ म्हणतात. ‘टोरिक’ हा शब्द त्यातूनच आला. डोळ्याच्या पारपटलाला असे दोन वळसे असले की प्रकाश एका बिंदूत मिळत नाही, आणि अक्षराची एक रेघ ठसठशीत तर दुसरी फिसकटलेली दिसते. सिलिंडर नंबर असतो तो याच दोषाचा.

हा दोष थॉमस यंग यांनी 1801 मध्ये स्वतःच्या डोळ्यात मांडून दाखवला. त्यांनी पाण्याने भरलेली नळी डोळ्याला लावली. पाण्यामुळे पारपटलाची वक्रता निष्प्रभ झाली, तरी दोष राहिला. म्हणजे त्यांचा दोष आतल्या भिंगातला होता. 1825 मध्ये जॉर्ज एअरी यांनी आपल्या डाव्या डोळ्यासाठी सिलिंडर भिंग करवून घेतले. चष्म्याला कान आणि नाक धरून ठेवतात, म्हणून तिथे भिंग फिरण्याचा प्रश्नच नव्हता. डोळ्यावर तरंगणाऱ्या लेन्सला तसा आधार नाही. ओटो विख्टरले यांनी 1961 च्या नाताळात प्राग इथे घरच्या घरी, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचे यंत्र जोडून नरम लेन्स ओतल्या. पण नरम लेन्स पारपटलावर ओल्या कापडासारखी बसते आणि त्याचाच वाकडेपणा उचलते. म्हणून तिला टोरिक आकार द्यावा लागला, आणि ती फिरू नये म्हणून खालची कड जाड करावी लागली. ही जाडी केवळ वजनाने काम करत नाही. ओला चिंचोका चिमटीत दाबला की सटकतो, तशी पापणी जाड भागाला खाली ढकलते. लेन्स 10 अंश फिरली तर दुरुस्तीचा साधारण एक तृतीयांश भाग वाया जातो. 30 अंशांवर सगळाच.

मग कडक लेन्स का नको, असे कोणी विचारेल. तिच्याखाली अश्रूंचा थर भरतो आणि पारपटलाचा वाकडेपणा झाकतो, आणि ती फिरली तरी बिघडत नाही. हा आक्षेप खरा आहे. पण हा थर म्हणजे यंग यांच्या नळीतले पाणीच: दोष आतल्या भिंगात असेल तर तो उरतोच. शिवाय मांद्र्याहून म्हापशाला दुचाकीने जाताना कडक लेन्सखाली धुळीचा एक कण गेला तरी डोळा घळाघळा वाहतो. जाड कडेतून प्राणवायू कमी जातो हेही खरे, म्हणून जास्त प्राणवायू जाऊ देणारे सिलिकॉन हायड्रोजेल हे साहित्य इथे कामाचे. सिलिंडर नंबर पाऊणपेक्षा कमी असेल तर साधी लेन्सही बहुतेकांना चालते. टोरिक घ्यायचीच असेल, तर ती घालून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, चार दिशांना बघावे, उघडझाप करावी आणि लेन्सवर कोरलेली बारीक खूण दर वेळी मूळ जागी परत येते का, हे डोळे तपासणाऱ्याला भिंगातून पाहायला लावावे. आणि समुद्रात किंवा विहिरीत उतरण्याआधी ती काढून डबीत ठेवावी.