आजीच्या तोंडून ऐकलेलं युद्ध

अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना आठवते ती 'गॉन विथ द विंड'मधली स्कार्लेट ओ'हारा. मार्गारेट मिचेलची ही कादंबरी १९३६ साली आली आणि तीन वर्षांनी सिनेमा. हवेलीत वाढलेली लाडावलेली मुलगी युद्धात कशी खंबीर होते, त्याची ती गोष्ट. मीही ती एका दमात वाचली. पण १८६० च्या जनगणनेत त्याच जॉर्जिया राज्यात साडेचार लाखांहून जास्त गुलाम नोंदलेले आहेत. त्यांच्यातल्या बायकांना या युद्धात काय गवसलं? उत्तर मला मार्गारेट वॉकरच्या 'ज्युबिली'त मिळालं.

वॉकर कवयित्री आणि प्राध्यापिका. लहानपणी रात्री आजी तिला आपल्या आईच्या, म्हणजे मार्गारेटच्या पणजीच्या, गोष्टी सांगे. त्या लिहायच्या असं तिनं तेव्हाच मनाशी धरलं. मग शिक्षण, नोकरी, चार मुलं, आणि जमेल तेव्हा जुन्या दप्तरांत शोधाशोध! कॉलेजात सुरू केलेलं पुस्तक छापून यायला १९६६ साल उजाडलं.

कादंबरीची नायिका व्हायरी. बाप मळ्याचा मालक, आई त्याची गुलाम. मूल आईच्या दर्जाचं, असा तिथला कायदा. त्यामुळे व्हायरीही गुलाम. मालकाची लग्नाची मुलगी लिलियन चेहऱ्यामोहऱ्यानं अगदी तिच्यासारखी. पण एक दिवाणखान्यात, दुसरी चुलीपाशी. व्हायरीचा नवरा स्वतंत्र कृष्णवर्णीय लोहार. मुलांना मागे ठेवून पळून ये, असं तो सुचवतो. तिचा पाय निघत नाही. ती मुलांना घेऊनच निघते, पकडली जाते आणि पाठ फुटेस्तोवर फटके खाते.

युद्धात मालकाच्या घरातली माणसं एकेक करून जातात. उरलेल्यांना जगवते ती व्हायरी. १८६५ साली उत्तरेचे सैनिक मळ्यावर येऊन मुक्तीचा जाहीरनामा वाचून दाखवतात. पुढची वाट सोपी नाहीच. अलाबामात तिनं दुसऱ्या नवऱ्याबरोबर बांधलेलं घर कू क्लक्स क्लॅनचे लोक जाळतात. शेवटी पहिला नवरा परत येतो, तेव्हा ती दोघांपुढे आपल्या पाठीवरचे वळ उघडे करते, मनातलं सगळं बोलते आणि कुणाबरोबर राहायचं ते स्वतः ठरवते. मला वाटतं, तिची खरी मुक्ती इथे होते. जाहीरनाम्यानं मालकी संपली, पण आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घ्यायचा हे तिचं तिलाच उमगावं लागलं.

मंडळी, हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही बरं का! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

व्हायरीला लिहिता-वाचता येत नव्हतं. लेकीनं नातीला सांगितलं, म्हणून तिच्यासारखीची गोष्ट टिकली. आपल्या आज्यांनीही बेचाळीसची चळवळ, रेशनच्या रांगा, फाळणीच्या बातम्या चुलीपाशी बसून अनुभवल्या. त्यांच्यातल्या ज्या आज आहेत, त्यांना या दिवाळीच्या फोनवर फराळाबरोबर तेही विचारूया. आणि ऐकलेलं लिहून ठेवूया.