पेशव्यांचा आजार आणि आमच्या घरचा खोकला

थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले. वय ३९. काही दिवसांचा ताप, एवढंच हाती लागतं. उष्माघात, हिवताप, विषमज्वर, रील्सवर हवं ते निदान मिळतं. पण रक्त तपासल्याशिवाय आजचा डॉक्टरही एवढ्यावर आजाराचं नाव घेणार नाही. ही जागा रिकामी सोडलेली बरी.

त्यांचे नातू माधवराव यांचं तसं नाही. १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी ते पेशवे झाले. १७७० मध्ये हैदरवरची मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवून आजारपणामुळे परतले. तब्येत ढासळतच गेली आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरच्या चिंतामणीपाशी त्यांनी देह ठेवला. वय अवघं २७. इथे काळ लांब आहे, झिजणं आहे, आणि राजयक्ष्मा हे नाव त्या काळातच दिलेलं आहे. म्हणजे क्षय. तो आतड्यांचा असावा, असंही म्हणतात. ग्रँट डफला हा मृत्यू मराठी राज्यासाठी पानिपताइतकाच घातक वाटला.

आयुर्वेदातल्या कथेत हा रोग आधी चंद्राला, एका राजाला झाला, म्हणून तो राजयक्ष्मा. पण त्याला राजा आणि रयत कळत नाही. कॉखने १८८२ मध्ये त्याचा जंतू दाखवला. त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. माधवरावांना १७१ वर्षं उशीर झाला.

आमच्या कुंडलच्या घरात हे नाव कुणी घेत नसे. आजीचा थोरला भाऊ मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होता. आजी एवढंच म्हणायची, "दादा हवापालटाला गेलेला."

गेल्या वर्षी चुलत बहिणीचा खोकला महिनाभर थांबेना. काकू म्हणाली, "स्थळं यायला लागलीत बाळा, बोभाटा नको." मी तेव्हा माधवरावांबद्दलच वाचत होतो. म्हटलं, "काकू, पेशव्यांचा आजार अडीचशे वर्षं लोक उघड बोलतायत. आपलं काय लपवायचं?" दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, इतकं साधं आहे ते. पलूसला सरकारी दवाखान्यात नेलं. क्षयच निघाला. औषध फुकट, सहा महिने, एकही दिवस न चुकवता.

शेवटची गोळी घेतली त्या संध्याकाळी आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आमच्या दादाला बी क्षयच होता रं."